सोसण्याचा आकडा

बसून घ्या. गाडी दारात उभी आहे, किल्ली खुंटीला आहे, आणि इतक्यात कुठे निघायचं नाहीये. आपल्याला फक्त एका आकड्याकडे नीट बघायचं आहे. अमेरिकेतल्या पेट्रोल पंपावर पिवळ्या पट्टीत काळ्या अक्षरांत छापलेला असतो तो: ८५, ८७, ८९, ९१, ९३. बहुतेक लोक त्याच्याशेजारचा भाव वाचतात आणि बटण दाबतात.

आधी मनातला एक ट्रक बाजूला घेऊ. ट्रक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खंबाटकी घाटात पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढणारा दहाचाकी येतो. तो डिझेलवर चालतो आणि त्याचा न्यायच उलटा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, नुसत्या दाबाने इंधनाने पेट घ्यायचा असतो. म्हणून तिथे लवकर पेटणं हा गुण, आणि तो मोजायचा सीटेनमध्ये. आपला आजचा ट्रक म्हणजे अमेरिकी पिकअप: पुढे ऐसपैस केबिन, मागे उघडा हौदा, बंपरखाली ट्रेलर अडकवायचा हूक, आणि पोटात पेट्रोल इंजिन. डॅलस किंवा डेन्व्हरकडच्या एखाद्या मराठी घराच्या दारातही तो उभा असतो. समजा, फोर्डचा एफ-१५० आहे. साडेतीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं इकोबूस्ट इंजिन. २०२१ च्या गाडीसाठी कंपनीने ४०० हॉर्सपॉवरचा आकडा दिला, आणि हा आकडा प्रीमियम पेट्रोलवरचा आहे हे खाली बारीक अक्षरांत सांगितलं. त्या बारीक अक्षरांकडे आपण परत येऊ.

आता डोळे मिटा आणि एका सिलिंडरच्या आत चला.

पिस्टन खाली गेलेला आहे. हवा आत आली आहे, आणि ती साधी आलेली नाही. टर्बोने आधीच दाबून आत ढकलली आहे. इंजेक्टरने पेट्रोलचा बारीक फवारा थेट सिलिंडरमध्येच मारला. पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं, म्हणून आतली हवा किंचित निवली. झडपा मिटल्या. पिस्टन वर निघाला. साडेदहा भाग जागेतलं सगळं आता एका भागात दाबलं जाणार. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचा तळ हाताला चटका देतो, तो आठवा. इथेही तेच, फक्त कितीतरी जास्त. मिश्रण काही शे अंशांपर्यंत तापतं, आणि अजून ठिणगी पडलेली नाही.

इथे जरा थांबा. खऱ्या इंजिनात थांबता येत नाही. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर पिस्टनला खालून वर यायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. पण मनात तो हवा तितका वेळ धरून ठेवता येतो, म्हणून तर डोळे मिटले.

पिस्टन वर पोचायच्या थोडा आधीच ठिणगी पडते. आधी का? कारण ज्योतीला पसरायला वेळ लागतो, आणि तिचा दाब पिस्टन खाली वळता वळता त्याच्या डोक्यावर पडला तरच त्याचं काम होतं. ज्योत प्लगपासून निघते आणि भिंतींकडे सरकू लागते. तिच्या मागे जळून फुगलेला वायू. तिच्या पुढे, कोपऱ्यात, अजून न जळलेलं मिश्रण. मागचा वायू फुगतो तसं हे कोपऱ्यातलं आणखी दाबलं जातं, आणखी तापतं. त्याला दोन्हीकडून जागा नाही. समोरून ज्योत येतेय, पाठीला लोखंड आहे.

आता पुढे काय होतं ते त्या कोपऱ्यावर ठरतं. ज्योत तिथे पोचेपर्यंत त्याने दम धरला, तर सगळं मिश्रण क्रमाने जळतं आणि पिस्टनला एक भरभक्कम, सलग रेटा मिळतो. दम धरला नाही, तर तो कोपरा स्वतःच, एकदम, सगळाच्या सगळा पेटतो. दाबाची लाट भिंतीवर आदळते, परतते, पुन्हा आदळते. बाहेर ऐकू येतो तो कोरडा, धातूचा टकटक आवाज. आपल्याकडचा कुठलाही मेस्त्री बॉनेट न उघडता सांगेल, इंजिन नॉकिंग करतंय. आवाजाचं एवढं काही नाही. पिस्टनच्या माथ्यावर आणि भिंतींवर वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो आणि तोच ॲल्युमिनियमला आगीपासून जपतो. नॉकिंगच्या लाटा तो थर खरवडून काढतात. मग उष्णता थेट धातूत शिरते. सौम्य नॉकिंग अधूनमधून झालं तर इंजिन निभावून नेतं. जबर नॉकिंग चालू राहिलं तर पिस्टनवरच्या रिंगांमधले काठ तडकतात, माथा वितळू शकतो.

पंपावरचा आकडा, म्हणजे पेट्रोलचा ऑक्टेन, सांगतो ते एवढंच: या पेट्रोलचा तो कोपरा किती दाब, किती ताप सोसून गप्प राहील. ताकद किती, हे तो सांगत नाही. स्वच्छता सांगत नाही. ९३ च्या गॅलनमध्ये ८७ च्या गॅलनपेक्षा जास्त ऊर्जा कोंडलेली असते ही समजूत इतकी पसरलेली आहे की ती सोडताना मनाला थोडं जड जातं. सोडून द्या. इथेनॉलचंच बघा: त्याचा ऑक्टेन साध्या पेट्रोलच्या कितीतरी वर, पण लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी. धीर वेगळा, शक्ती वेगळी.

हा धीर मोजायचा कसा, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी खराच अवघड होता. १९२६ मध्ये ग्रॅहॅम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने त्याला दोन टोकं दिली. एका टोकाला आयसो-ऑक्टेन, सहसा न डगमगणारं, त्याला १००. दुसऱ्या टोकाला हेप्टेन, जरा दाबलं की पेटणारं, त्याला शून्य. शुद्ध हेप्टेन तेव्हा मिळायचं ते पश्चिम अमेरिकेतल्या जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या राळेतून. म्हणजे आज पंपावर जो आकडा झळकतो, त्याचा शून्य एका जंगली झाडातून आलेला आहे. मला हे उगाचच आवडतं. एखादं पेट्रोल ८७ भाग आयसो-ऑक्टेन आणि १३ भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतकंच तग धरत असेल, तर त्याचा ऑक्टेन ८७.

आणि हे तपासायचं कशात? एकाच सिलिंडरच्या एका इंजिनात, ज्याचं कॉम्प्रेशन चालू असतानाच वरखाली करता येतं. १९२० च्या दशकाच्या शेवटी विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशाच्या कारखान्यात ते तयार झालं आणि त्याच जातीची इंजिनं आजही प्रयोगशाळांत टकटकतात. चाचण्या दोन. एक सौम्य: मिनिटाला ६०० फेरे, आत जाणारी हवा कोमट, तिचा आकडा म्हणजे रिसर्च ऑक्टेन. दुसरी कडक: ९०० फेरे, मिश्रण जवळजवळ दीडशे अंशांपर्यंत तापवलेलं, तिचा आकडा म्हणजे मोटर ऑक्टेन, आणि तो नेहमी खाली येतो. भारतात आणि युरोपात पहिला आकडा लावतात. अमेरिकेत दोहोंची सरासरी. म्हणून पुण्यात पूर्वी मिळणारं साधं ९१ आणि टेक्सासातलं साधं ८७ हे जवळपास एकच पेट्रोल. इंडियन ऑईलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल बाजारात आणलं. अमेरिकी पद्धतीने मोजलं तर तेही शंभराच्या बरंच खाली येईल. सुट्टीत घरी आल्यावर ‘आमच्याकडे साधंच ९१ होतं, तुमच्याकडे नुसतं ८७’ असं कुणी म्हणालं, तर चहा घ्या आणि हे हळूच त्याच्या कानावर घाला.

या धीरासाठी माणसाने मोजलेली एक किंमत मात्र हळू आवाजातही सांगवत नाही. १९२१ च्या डिसेंबरात थॉमस मिज्ली यांना जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत आढळलं की टेट्राएथिल लेड चिमूटभर मिसळलं की नॉकिंग थांबतं. शिसं विषारी आहे हे तेव्हाही ठाऊक होतं. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे इथे ते बनवणाऱ्या कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरीही ते पुढची कित्येक दशकं जगभरच्या धुराड्यांतून बाहेर पडत राहिलं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी त्यावर पूर्ण बंदी आली १९९६ मध्ये, भारतात ते २००० साली थांबलं. इंजिनाचा कोपरा शांत बसावा म्हणून मुलांच्या रक्तात शिसं गेलं. इथे लगेच पुढे जाऊ नका.

आता गाडीचं मॅन्युअल उघडा. हातमोजे ठेवायच्या खणात, विम्याच्या कागदांखाली असतं. त्यात इंधनाच्या पानावर जो शब्द असेल, तेवढाच वाचा. ‘लागेल’, ‘शिफारस’ आणि ‘किमान’ या तीन शब्दांत अख्खा प्रश्न मावतो, आणि लोक नेमकं तेच पान न वाचता शेजाऱ्याला विचारतात.

८७ किमान, असं फोर्ड इकोबूस्टबद्दल सांगतं. पण उन्हाळ्यात, ओझं ओढताना प्रीमियम वापरलं तर बरं, अशी जोडही देतं. जनरल मोटर्सच्या ६.२ लिटर व्ही-८ चं कॉम्प्रेशन साडेअकरा. तिथे प्रीमियमची शिफारस आहे, सक्ती नाही. रॅमच्या ५.७ लिटर हेमीला ८९ ची शिफारस. पुष्कळ पंपांवर हे मधलं ८९ वेगळं साठवलेलंही नसतं, साधं आणि प्रीमियम मिसळूनच ते नळीतून येतं. तरी हेमीवाल्यांमुळे त्या एकाकी बटणाला गिऱ्हाईक आहे. आणि सुपरचार्जर लावलेला, ७०२ हॉर्सपॉवरचा रॅम टीआरएक्स घेतला असेल, तर विचार करायला काही उरलेलंच नाही. ९१ किंवा वर. तिथे पैसे वाचवायला बघणं म्हणजे घोडा विकत घेऊन चण्याचा हिशेब करणं.

‘शिफारस’ आणि ‘किमान’ यांच्यामधल्या जागेत कोण राहतं? तिथे एक कान राहतो. इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टने बसवलेला, रुपयाएवढा सेन्सर. आत स्फटिक आहे. धातू विशिष्ट पट्टीत कंपला की त्याच्यात वीज उमटते. सेकंदाला हजारो कंपनांच्या त्या पट्टीत नॉकिंगचा सूर असतो, आणि आपल्या कानाला लागायच्या आधीच याला तो लागतो. मग कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. ठिणगी थोडी उशिरा पडली की ज्योतीचा दाब पिस्टन खाली वळल्यावर येतो, कोपरा कमी दाबला जातो, आवाज थांबतो. जरा वेळाने कॉम्प्युटर टायमिंग चोरपावलांनी पुन्हा पुढे सरकवतो. पुन्हा सूर लागला, पुन्हा मागे. तुम्ही गाणी ऐकत असता तेव्हा ही देवाणघेवाण अखंड चाललेली असते.

म्हणून ८७ भरलेलं इकोबूस्ट फुटत नाही. ते फक्त स्वतःला आवरून घेतं. आवरून घेण्याची किंमत आहेच: उशिरा जळालेल्या वायूची उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमध्ये जाते, टर्बो तापतो, आणि जास्तच तापला तर त्याला निववायला कॉम्प्युटर वरून आणखी पेट्रोल ओततो. ४०० चा आकडा बारीक अक्षरांतल्या अटीसकट का येतो, ते इथे कळतं.

आता ओझं जोडू. मनातल्या पिकअपमागे सात हजार पौंडांचा, म्हणजे सव्वातीन टनांच्या आसपासचा कॅम्पर अडकवा. जुलै महिना. डॅलसहून निघून रॅटन खिंडीतून कोलोरॅडोत शिरलात आणि डेन्व्हरला मुक्काम केलात. सकाळी पंपावर जाता तर साधं पेट्रोल ८५ चं. डॅलसला सगळ्यात खालचं ८७ होतं. इथे भावही कमी, आणि शेजारी उभा असलेला माणूस सांगतो, उंचीवर ८५ चालतं.

तो खोटं बोलत नाही. फक्त त्याचं म्हणणं जुन्या गाडीचं आहे. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर. हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ८३ टक्के. कार्बुरेटरच्या जमान्यातलं इंजिन जेवढी हवा मिळेल तेवढीच ओढायचं. हवा विरळ, म्हणून सिलिंडर कमी भरायचा, कोपरा कमी दाबला जायचा, कमी धीराचं पेट्रोलही पुरायचं. त्या काळी ८५ हा चांगला हिशेब होता. पण टर्बो हवेची वाट बघत बसत नाही. बाहेर विरळ आहे म्हटल्यावर तो जास्त जोराने फिरतो आणि सिलिंडरमधला दाब पुष्कळसा भरून काढतो. त्या कोपऱ्याला तुम्ही डेन्व्हरला आहात हे कळतच नाही. त्याला डॅलसच वाटतं. शिवाय जास्त दाबलेली हवा जास्त तापलेलीही असते. जुनी गाडी गेली, रस्ता तोच राहिला, आणि पंपावरचा ८५ आपला तसाच उभा आहे. उंच भागात ८७ च्या खालचं पेट्रोल ‘साधं’ म्हणून विकतात, ते घालू नका, नुकसान झालं तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते, असं फोर्डचं मॅन्युअल स्वतःहून बजावतं ते यासाठीच.

आता आय-७० महामार्गावर पश्चिमेला निघा, मनातच. आयडाहो स्प्रिंग्ज, जॉर्जटाउन, आणि मग आयझेनहॉवर बोगद्याकडे ११,००० फुटांच्या वर नेणारी चढण. गिअर आपोआप खाली येतो. फेरे चार हजारांपलीकडे. एक्सिलरेटर मिनिटामागून मिनिट दाबलेला. रिकाम्या गाडीच्या आयुष्यात असा क्षण येतो तो हायवेला लागताना, काही सेकंद. इथे तो संपतच नाही. धातूला निवायला उसंत नाही. कॉम्प्युटर टायमिंग मागे घेतोय, एक्झॉस्ट तापतोय, तो पेट्रोल वाढवतोय, पुन्हा मागे घेतोय. चढाच्या या एका तासात ९१ चे पैसे वसूल होतात, आणि मला विचाराल तर प्रीमियमची खरी जागा हीच: ओझं, चढ, ऊन. तिन्ही एकत्र आले की हात आखडता घेऊ नये.

आणि उरलेले दिवस? ऑफिस, शाळा, इंडियन स्टोअर, रविवारी कुणाकडे तरी जेवण. कॅम्पर अंगणात. अशा वेळी कोपऱ्यावर क्वचितच एवढा दाब येतो की त्याच्या धीराची परीक्षा व्हावी. ज्या इंजिनाला ८७ च सांगितलेलं आहे, त्यात प्रीमियम ओतून काही मिळत नाही हे अमेरिकी वाहनधारकांच्या ट्रिपल-ए या संघटनेने २०१६ मध्ये चाचण्या करून सांगितलं, आणि अशा अनाठायी प्रीमियमवर अमेरिकी लोक वर्षाला दोन अब्ज डॉलरहून जास्त उधळतात, असा हिशेबही मांडला. मोठी ३६ गॅलनची टाकी असेल आणि गॅलनमागे अर्धा डॉलर फरक धरला, तरी दर भरण्याला अठरा डॉलर. ‘इंजिन आतून स्वच्छ राहतं हो’ असं कुणी म्हणालं, तर लक्षात ठेवा: घाण धरू न देणारी रसायनं कायद्यानेच सगळ्या दर्जांत घालावी लागतात. साध्यातही. गाडीवरच्या मायेपोटी खर्च करायचाच असेल तर ऑइल वेळेवर बदला. टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर जोर दिला की ठिणगीआधीच मिश्रण पेटायचा एक वेगळाच आजार असतो, आणि त्यात योग्य ऑइल मोठी मदत करतं.

एका माणसाला मात्र ही मोकळीक नाही. ज्याने बाहेरून ट्यूनिंग करून घेतलं आहे त्याला. टेक्सासातल्या ९३ वर टायमिंग आणि टर्बोचा दाब ताणून बसवलेला ट्रक डोंगरी पश्चिमेत आला की पंपावरचा सगळ्यात वरचा आकडाच ९१ असतो. आतला सगळा हिशेब ९३ धरून लिहिलेला. कंपनीने ठेवलेली ढिलाई आधीच खर्ची पडलेली. त्याने घरून निघतानाच ९१ चं ट्यून सोबत घ्यावं, किंवा मागचा ट्रेलर सोडावा.

टाकीचंही एक भान असू द्या. ती क्वचितच रिकामी असते. अर्ध्या टाकीत ८५ असताना वर ९१ भरलंत, तर आत साधारण ८८ तयार होतं, ९१ नव्हे. म्हणून चढाच्या पायथ्याशी बटण बदलून भागत नाही. ओझं लावायच्या आधीची एक टाकी सांभाळावी लागते, आणि नवं पेट्रोल ओळखून टायमिंग पुढे घ्यायला कॉम्प्युटरलाही काही मैल लागतात.

बोगदा आला. दिवे, गारवा, पलीकडचा उजेड, आणि लगेच सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्क्यांचा लांब उतार. पाय एक्सिलरेटरवरून काढा, गिअर खाली घ्या. इंजिन आता गाडीला ओढत नाही, अडवतंय. इंजेक्टर बंद झाले आहेत. सिलिंडरमध्ये नुसती हवा आत येते, दाबली जाते, बाहेर जाते. जळायलाच काही नाही, म्हणून नॉकिंगही नाही, आणि टाकीत ८५ आहे की ९३ याने काडीचा फरक पडत नाही. मागे सव्वातीन टन ढकलताहेत. आता विचार ब्रेकचा करा.